डाग घालवायला वज्रेश्वरीला

मला कोड आहे. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणाला आवाज खाली घ्यावा लागणार नाही. आमच्याकडे हा शब्द कुणी उच्चारत नाही. ‘अंगावर पांढरं उठलंय’ म्हणतात, ‘त्यांना ते आहे ना’ म्हणतात. सासरी तर नुसतं ‘त्यांचं ते’ एवढ्यावर भागतं. माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून दंडापर्यंत डाग आहेत, मानेवर एक आहे आणि बोटांची टोकं पांढरी झालेली आहेत. दुखत नाही, खाजत नाही, दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टरांनी हे मला सांगितलं, मी घरच्यांना सांगितलं, घरच्यांनी माना डोलावल्या आणि माझा पेला वेगळा विसळायला सुरुवात केली.

बोईसरला स्टेशनजवळ माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गाळा, त्यात दोन मशिनी आणि भिंतीला लावलेला एक आरसा. दिवसभर मी दुसऱ्यांच्या बाह्या कापते. शिफ्टला जाणाऱ्या मुलींना कोपरापर्यंत हव्या असतात, कॉलनीतल्या बायकांना हल्ली बिनबाह्यांचे ब्लाउज लागतात, आणि मी स्वतः मे महिन्याच्या घामातसुद्धा मनगटापर्यंत बाही घालून मशिनीवर बसते. माप घेताना नव्या गिऱ्हाइकाच्या खांद्याला माझं बोट लागलं की ती अंग चोरते. जुन्या चोरत नाहीत, कारण माझ्यासारखा बाहीचा मुंढा बोईसरमध्ये दुसरं कुणी बसवत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

माझी धाकटी जाऊ पालघरला राहते. तिची मुलगी लहानपणी बरीच वर्षं आमच्याकडेच होती, कारण दोघं नवरा-बायको नोकरीला. मला ती मोठी आई म्हणते. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला पाढे मी म्हणायला लावले, तिचा शाळेचा गणवेश मी शिवला. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. आमच्या घरची रीत अशी की नवरीला पहिली हळद घरातल्या थोरल्या सवाष्णीनं लावायची, मग बाकीच्यांनी. थोरली मी. ह्यात विचारायचं काही नव्हतं.

जाऊ एका दुपारी लग्नातले ब्लाउज पीस घेऊन दुकानात आली. चहा झाला, शालूचं कौतुक झालं, बाह्यांना कोणती लेस लावायची ते ठरलं, आणि मग ती पदराशी चाळा करत म्हणाली, “ताई, हळदीला तुम्ही आपल्या खुर्चीवर बसून राहा. दगदग नको. लावायला बायका आहेत.”

“दगदग कसली त्यात? गालाला बोटं लावायची.”

“तसं नाही हो. मुलाकडचे येणार. लोक बघतात. उगाच पोरीच्या मागे शंका नको.” मग माझा चेहरा बघून तिनं घाईनं पुढचं सांगितलं, “तुम्ही तोवर वज्रेश्वरीला जाऊन या ना. तिथल्या गरम पाण्यानं पुष्कळांचं गेलंय म्हणतात. थोडं कमी दिसायला लागलं तर मग बघू.”

आणि पिशवी माझ्या हातात देऊन ती गेली. त्या पिशवीत नवरीचे सगळे ब्लाउज होते. शिवायला माझे हात चालत होते, लावायला चालत नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तो ती गेल्यावर. ती समोर होती तेव्हा मी गळ्यात टेप घालून गुमान उभी राहिले होते, आणि मला जास्त राग त्याचाच आला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “लग्नघर आहे, कशाला वाद?” वाद जाऊ घालून गेली होती, पण मिटवायचा होता मी.

संध्याकाळी हे सगळं मी मैत्रिणीपुढे ओकले. मैत्रीण वीजकेंद्राच्या कॉलनीत राहते, मूळची कोल्हापूरकडची, देहानं भरभक्कम आणि आवाजानं त्याहून. एकदा ब्लाउज घट्ट झाला म्हणून माझ्याशी भांडायला आली होती, तेव्हापासून जी बसली ती उठलीच नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग जाऊया की वज्रेश्वरीला.”

“तू पण? अगं, पाण्यानं जात नाही हे.”

“डाग घालवायला कोण म्हणतंय? डुंबायला जाऊया. गरम पाण्यात बसायला मला लई आवडतं. तुझ्या जावेनं सांगितलंय न्हवं? मग तिच्या नावावर दोन दिवस उंडारून येऊ.”

घरी परवानगीचा प्रश्नच आला नाही. उपचाराला जाते म्हटल्यावर नवऱ्यानं स्वतः माळ्यावरची बॅग काढून दिली. मजेला जाते म्हटलं असतं तर स्वयंपाकाचं काय, दुकानाचं काय, दोघीच कशा, असे दहा प्रश्न आले असते. आजारी बाईला आमच्याकडे फार मोकळीक असते.

शनिवारी निघालो. चिल्हार फाट्यापर्यंत एक गाडी, हायवेनं शिरसाड फाट्यापर्यंत दुसरी, आणि तिथून माणसं कोंबलेली टमटम. वज्रेश्वरीचं देऊळ उंचावर आहे आणि भोवती किल्ल्यासारखा तट. वसईचा किल्ला घ्यायचा नवस मराठ्यांनी इथल्या देवीला बोलला आणि जिंकल्यावर फेडला, असं सांगतात. दगडी पायऱ्या चढताना मैत्रीण दर थोड्या वेळानं थांबून मागं वळून बघत होती. देखावा बघतेय असं दाखवत होती, पण खरं तर तिला धाप लागली होती. “किल्ला जिंकलेल्या माणसांनी बांधलंय,” ती म्हणाली, “त्यांना गुडघे न्हवते वाटतं.” आत गेल्यावर मी हात जोडले. काय मागायचं ते ठरवून आले नव्हते. डाग जाऊ देत असं तोंडाशी आलं होतं, इतक्या वर्षांची सवय. मी ते गिळलं आणि नुसतंच देवीकडे बघून खाली आले.

कुंडं नदीकडे आहेत. दगडानं बांधलेले चौकोनी हौद, वर वाफ, आणि उकडलेल्या अंड्यासारखा वास. बायकांच्या बाजूला पत्र्याचा आडोसा होता. मैत्रिणीनं कुठूनसं ऐकलं होतं की ह्या पाण्यात तांदूळ शिजतो, म्हणून तिनं घरून भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. रुमालात बांधून तिनं त्या कुंडात सोडल्या आणि स्वतःही गाऊन घालून उतरली. मी काठावर दोघींच्या बॅगा, टॉवेल आणि चपला सांभाळत बसले.

हे माझं नेहमीचं काम आहे. मी केळव्याची. समुद्र आमच्या वाडीच्या सुरूंपलीकडे होता आणि भरती-ओहोटी आम्हाला घड्याळापेक्षा आधी कळायची. पोरींमध्ये सगळ्यात आत मी जायची, आई काठावरून शिव्या घालायची. डाग आल्यापासून पाण्यात उतरले नाही. कपडे ओले झाले की अंगाला चिकटतात आणि बाहीतून दिसायला लागतं. मग केळव्याला गेलं तरी मी वाळूत बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या. मुंबईहून शनिवार-रविवारी येणारे लोक माझ्या समुद्रात खुशाल लोळायचे आणि मी बसलेली. कुणी ‘चल’ म्हणालं तर ‘मला सर्दी आहे’ म्हणायची. इतकी वर्षं सर्दी कुणाला असते?

मैत्रिणीनं मला त्या संध्याकाळी एकदाही बोलावलं नाही. तासाभरानं लालबुंद होऊन वर आली, शेंगा सोलून बघितल्या, त्या कच्च्याच होत्या. “खोटारडं पाणी,” ती म्हणाली, पण खाल्ल्या सगळ्या. लॉजवर परतताना मात्र एकदम म्हणाली, “उद्या तुला चपला राखायच्या असतील तर राख. पण मग घरी जाऊन जावेला शिव्या घालायच्या न्हाईत. ती पण तुला खुर्चीवरच बसवतीया.”

मला तिचा इतका राग आला की जेवताना मी तिच्याशी बोलले नाही. तिनं माझ्या ताटातला पापडही खाल्ला.

रविवारी सकाळी मी मनगटापर्यंत बाह्या असलेला गाऊन घालून तिच्यामागे आडोशात शिरले. वरच्या कुंडात पाच-सहा जणी होत्या. मी पायऱ्या उतरायला लागले आणि गळ्यात जाड चेन घातलेल्या एका बाईची नजर माझ्या बोटांवर गेली. तिच्या नजरेमागोमाग बाकीच्यांचीही. हे मला पाठ आहे.

“अहो, तुमचं ते खालचं कुंड,” ती म्हणाली. भांडखोर स्वर नव्हता, रस्ता सांगावा तसं सांगितलं. “अंगावरचं असतं ते लोक तिकडे उतरतात.”

खालच्या कुंडात वरच्याचं पाणी वाहून जात होतं. सगळ्यांच्या अंगाचं धुतलेलं पाणी, त्यावर साबणाचा फेस आणि शांपूच्या फाटलेल्या पुड्या. आणि माझे पाय तिकडे वळले. मी काही ठरवायच्या आत, सांगितल्याबरोबर वळले. दोन पायऱ्या तिकडच्या उतरून झाल्यावर मला ते कळलं, आणि डोक्यात अशी तिडीक गेली की कानांत आवाज यायला लागला. त्या बाईचा नव्हे, ह्या माझ्या आज्ञाधारक पायांचा मला संताप आला. कोणी इतकं वळण लावलं ह्यांना?

मी परत फिरले. वरच्या कुंडाच्या काठावर उभी राहिले, दोन्ही बाह्या दंडावर चढवल्या, आणि म्हणाले, “मला कोड आहे. ते कुणाला लागत नाही. मी इथेच उतरणार आहे.”

“लागत नाही कशावरून?” चेनवाली म्हणाली.

“माझ्यावरून,” मैत्रीण पाण्यातून गरजली. तिनं स्वतःचे दोन्ही जाडजूड दंड वर केले. “इतकी वर्षं हिच्या ताटात जेवतीया. बघा, कुठं हाय? वजन तेवढं लागलंय.”

मी उतरले. पाणी घोट्याला चटकलं, गुडघ्याला चटकलं, आणि मग कमरेपर्यंत आल्यावर एकदम आपलंसं झालं. मी गळ्यापर्यंत बसले. चेनवाली उठली, तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी उठल्या, कपडे गोळा करत एकमेकींकडे बघत बाहेर गेल्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगू? पण मी हललेही नाही. मैत्रिणीनं पाय लांब केले आणि म्हणाली, “ऐसपैस झालं बघ. तुला आता सगळीकडं बरोबर घेऊन जाते.”

कोपऱ्यात एक म्हातारी मात्र बसूनच राहिली होती. डोक्यावर ओला पदर, डोळे मिटलेले. मी म्हटलं, “आजी, तुम्हाला चालेल ना?”

तिनं डोळे न उघडताच उत्तर दिलं, “मी नाय उठायची बाय. माजे गुडघे आता कुठे सुटायला लागलेत.”

इतक्या वर्षांत इतकं चांगलं मला कुणी बोललं नव्हतं. मी पाण्याखाली डोकं घातलं आणि केळव्याला घालायची तशी श्वास कोंडेपर्यंत तिथेच राहिले. बाहेर आल्यावर मैत्रीण मला मारायलाच निघाली, तिला वाटलं मला चक्कर आली.

वर येऊन मी ओल्या गाऊनवरच आडोशाच्या मागच्या बाजूला उन्हात बसले. तिथे एक वाकडंतिकडं झाड होतं आणि त्याच्या फांद्यांवर कपडे लोंबत होते. काही फांद्यांवर, काही खाली मातीत पडून चिंध्या झालेले. मला वाटलं कुणी वाळत घातलेत. जवळच फुलं-नारळ विकणारी बाई बसली होती, तिनं माझ्या हातांकडे बघितलं आणि समजुतीनं म्हणाली, “अंगाचं हाय ना तुमचं? मग अंगावरचा एक कपडा हितं सोडून जा बाय. सगले सोडतात. रोग कपड्याबरोबर हितंच ऱ्हातो.”

मी उठून ते कपडे बघायला गेले. दुसऱ्या कुणाला त्यात जुनेरं दिसली असती. माझा धंदा शिवणाचा, मला शिवण दिसली. एक सुती ब्लाउज, हातानं घातलेली बारीक तुरपाई, काज अजून घट्ट. एक चुडीदाराचा कुडता, मशीनची टीप, घाईत मारलेली. एक शर्ट, कॉलरपर्यंत बटणं असलेला. मी एकेक फांदी बघत गेले आणि माझ्या लक्षात आलं ते असं की जवळजवळ सगळ्या कपड्यांना लांब बाह्या होत्या. गळे बंद होते. अंगभर मापाचे कपडे. ह्या सगळ्या माणसांनी माझ्यासारखंच उन्हातान्हात स्वतःला गुंडाळून ठेवलं होतं, आणि इथे येऊन ते कपडे टाकले होते, आणि घरी जाऊन पुन्हा तसलेच शिवून घेतले असणार. कुणाकडून? माझ्यासारख्याच कुणाकडून.

मग बॅगेतून माझा घालायचा कोरडा कुडता काढला आणि पायरीवर बसले. माझ्या पर्समध्ये दोरा कापायची छोटी कात्री आणि सुई-दोरा कायम असतात. मैत्रीण केस पुसत आली तेव्हा मी डाव्या बाहीची टीप उसवत होते.

“काय चाललंय गं? नवा हाय न्हवं कुडता?”

“नवाच आहे.”

“मग काप की खसकन. बसलीस एकेक टाका काढत.”

“बाही कापत नाहीत,” मी म्हणाले. “कापली की मुंढा बिघडतो. उसवली तर अंगाचा कपडा शाबूत राहतो.”

माझीच टीप होती, त्यामुळे कुठे दोन वेळा फिरवलीय ते मला ठाऊक होतं. डावी निघाली, उजवी निघाली. दोन्ही मुंढ्यांचे सुटलेले दोरे काढले, कडा आत दुमडून हातानं कच्चे टाके घातले. मग आडोशात जाऊन कुडता चढवला आणि त्या दोन बाह्या नेऊन फांदीवर टाकल्या.

फुलवालीला ते पटलं नाही. “असा नाय चालत बाय. आख्खा कपडा सोडावा लागतो.”

“मला एवढाच रोग होता,” मी म्हणाले.

तिला हसू फुटलं. “जावा मग,” म्हणाली, आणि मैत्रिणीला एक गजरा फुकट दिला, मला नाही. त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही.

टमटममध्ये लोकांनी बघितलं. वाऱ्यानं दंडांवर काटा येत होता, इतकी त्या कातडीला वाऱ्याची सवय गेली होती. समोरच्या माणसानं माझे हात बघून नजर वळवली, परत बघितलं, परत वळवली. मी त्याला म्हटलं, “बघा निवांत, उतरायला वेळ आहे.” त्यानं मोबाइल काढला. मैत्रीण खिडकीकडे तोंड करून खदखदत होती. मी शूर वगैरे झाले होते असं कुणी समजू नये. ओढणी पांघरावी असं दहादा वाटलं. मैत्रीण त्या ओढणीवर बसली होती. मुद्दाम बसली होती का, ते मी तिला विचारलेलं नाही.

शिरसाड फाट्यावर गाडीची वाट बघत उभ्या होतो तेव्हा जावेचा फोन आला.

“काय ताई, झालं का स्नान?”

“झालं.”

“तिथे अंगावरचा कपडा सोडायचा असतो म्हणे. मला सांगायचं राहिलंच होतं.”

“सोडला.”

“बाई बाई, बरं झालं. आता जरा फरक वाटतोय का?”

मी हातांकडे बघितलं. गरम पाण्यानं बाकीची कातडी तांबूस झाली होती आणि भर उन्हात डाग लख्ख उठून दिसत होते. “वाटतोय ना,” मी म्हणाले, “आता लांबूनसुद्धा दिसतात.”

दुकानात गिळलेलं सगळं आता वर आलं होतं आणि ते परत आत जाणार नव्हतं. “नीट ऐक,” मी म्हणाले. “रीत आहे तशी पहिली हळद मी लावणार. मुलाकडच्यांना आधीच सांगून ठेव, नवरीच्या मोठ्या आईला कोड आहे. हाच शब्द वापर. तुला जमत नसेल तर मी सांगते. त्यांना चालत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, कारण त्या घरात आपली पोर जन्मभर राहणार आहे. उद्या तिच्या अंगावर काही उठलं तर तिला कुठल्या खुर्चीवर बसवतील?”

“अहो ताई, पण...”

“आणि पोरीलाच नको असेल तर तिनं मला सांगावं. तिचं मी ऐकेन. तिचं एकटीचं.”

हे मी बोलून गेले. तेवढं एकच उत्तर होतं ज्याला मी खरी भीत होते. जावेला तोंड देता येत होतं, चेनवालीला देता येत होतं, मुलाकडच्या अख्ख्या वऱ्हाडाला दिलं असतं. पण ती पोर जर म्हणाली असती की मोठी आई, राहू दे ना, तर माझ्यापाशी काही नव्हतं. पलीकडे कुजबुज झाली, फोन ह्या हातातून त्या हातात गेला.

“मोठी आई?” पुतणीचा आवाज आला. “काय नको, काय लावणार? आई काय बोलतेय मला समजेना. मला कुणी काही विचारलंच नाहीये.”

“मी विचारतेय,” मी म्हणाले. “हळद मी लावू का?”

“म्हणजे? दुसरं कोण लावणार?” मग तिला बहुतेक आईच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं असावं, कारण तिचा आवाज एकदम चढला, आमच्या घराण्याचा चढतो तसा. “तुझ्याआधी कुणी बोट जरी लावलं ना, तर मी तिथल्या तिथे पुसून टाकीन. सगळ्यांसमोर.”

मी ‘बरं’ म्हणाले. मैत्रिणीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि लग्नात जेवायला काय आहे ते विचारायला लागली. मी भर फाट्यावर उभी राहून रडले, आणि डोळे पुसायला बाही नव्हती म्हणून उघड्या हातांनी पुसले.